काळी पिन कुठे टेकवलीत, गुरुजी?

गाडीचं दुखणं : प्रश्न वाचकांचे, उत्तरं चिपळूणच्या एका वायरिंगवाल्याची

प्रश्न : माझ्याकडे २०१० ची ऑल्टो आहे, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने बसवलेला सीडीवाला टेप माझ्याकडे चार वर्षं चालला. पुढे त्यात सीडी अडकायला लागली, म्हणून गणपतीच्या आधी ब्लूटूथ-यूएसबीवाला नवा टेप आणला आणि घरीच जोडायला घेतला. वायरी रंगाला रंग बघून जोडल्या : पिवळीला पिवळी, लालला लाल, काळीला काळी. बटण दाबलं तर काहीच नाही, साधा दिवाही लागत नाही. फ्यूज काढून पाहिले, चांगले आहेत. मीटर लावला तर पिवळीवर १२.४ व्होल्ट, चावी फिरवल्यावर लालवरही १२.४. दुकानदाराकडे टेप नेला. त्याने काउंटरवर जोडला आणि लगेच सुरू करून दाखवला. गाडीत आणला की पुन्हा मुका. आमच्या इथला मेकॅनिक म्हणतो, ह्याच वायरींवर जुना टेप चालत होता, म्हणजे वायरिंग चांगलंच आहे. दुकानदार म्हणतो टेप चांगला, मेकॅनिक म्हणतो वायरिंग चांगलं. मग बिघडलंय काय? – एक प्राथमिक शिक्षक, लांजा

उत्तर : गुरुजी, मला येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘टेप चालू होत नाही, काय करू?’ तुम्ही आकडे लिहिलेत, कुठे काय पाहिलं ते क्रमाने लिहिलंत. एक गोष्ट तेवढी राहिली होती, म्हणून तुम्हाला फोन केला. आपलं जे बोलणं झालं ते इथे सविस्तर देतो, कारण ह्याच जातीची आणखी चार पत्रं माझ्यासमोर पडली आहेत.

मी विचारलं, मीटरची लाल पिन पिवळ्या वायरीवर होती हे कळलं. काळी पिन कुठे टेकवली होतीत? तुम्ही म्हणालात, दाराच्या बिजागरीच्या बोल्टला.

तिथेच माझं निम्मं काम झालं. अहो, तुमचा टेप काही बिजागरीला जोडलेला नाही. त्याच्याकडे करंट येतो पिवळीतून आणि परत जातो काळीतून. तुम्ही मोजलंत ते पिवळी आणि गाडीची बॉडी ह्यांच्यातलं. काळी वायर त्या मोजणीत आलीच नाही. घरच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाचं असं हमखास होतं. घरात काळी म्हणजे न्यूट्रल, तिच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. सगळं लक्ष फेजवर. गाडीत काळी म्हणजे अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे करंट परत जायची वाट), आणि माझ्या टपरीवर येणाऱ्या ‘मेलेल्या’ टेपांपैकी बरेचसे तिच्यापायी मेलेले असतात.

मग तुम्हाला दुसरं माप घ्यायला सांगितलं. मीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल पिन पिवळीवर आणि काळी पिन टेपच्या काळ्या वायरीच्या उघड्या टोकावर. तुमच्या कन्येने टॉर्च धरला होता. तुम्ही आकडा वाचलात १२.१, आणि तुमच्या आवाजात जरा विजय होता : “म्हणजे काळीही पास!”

नापास, गुरुजी. पेपर सोपा होता म्हणून पास दिसली.

डिजिटल मीटर वायरीतून करंट जवळजवळ घेतच नाही. त्याच्या पोटात साधारण १० मेगाओहमचा रोध असतो, म्हणजे बारा व्होल्टवर तो ओढतो फार तर एक-सव्वा मायक्रोअँपिअर. एवढं पोचवायला तांब्याची केसाएवढी एक तार पुरते, गंजातून झिरपलेलं चालतं. टेपला मात्र सुरू होतानाच ह्याच्या लाखो पट करंट लागतो आणि आवाज वाढवला की काही अँपिअर. अंगणातला नळ बोटाने दाबून धरा : थेंब थेंब येणाऱ्या पाण्याचाही दाब बोटाला पुरा लागतो, बोट काढलं की बादली भरत नाही. मीटर म्हणजे ते बोट.

म्हणून आमच्या धंद्यात मीटरच्या आधी बल्ब असतो. माझ्या खिशात कायम इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असतो, होल्डरला दोन वायरी आणि दोन क्लिपा लावलेला. बारा व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. तुमच्याकडे डिकीत जादा बल्ब निघाला, तो तुम्ही वायरी गुंडाळून पिवळी आणि काळीच्या मध्ये धरलात. बल्ब पेटला नाही. तार किंचित लालसर झाली, बास. मीटर तसाच लावून ठेवायला सांगितला होता, तो १२.१ वरून पावणेदोनवर आला. मग बल्बची एक तार काळीवरून काढून त्याच बिजागरीच्या बोल्टला टेकवलीत आणि कन्या पलीकडून ओरडली, “पेटला, पेटला!” म्हणजे पिवळी ठणठणीत, काळी मेलेली. लालचंही असंच बघून घेतलं, ती ठीक निघाली.

आता मेकॅनिकचा मुद्दा : ह्याच वायरींवर जुना टेप चार वर्षं कसा चालला? मुद्दा बरोबर आहे, आणि कोणत्याही माणसाला पटेल असा आहे. म्हणून मी विचारलं, जुन्या टेपला मागून लोखंडी पट्टी होती का? होती म्हणालात, भोकाभोकांची, डॅशबोर्डच्या आतल्या अँगलला बोल्टने आवळलेली. आणि एरियलची पिन? नव्याला अजून लावली नव्हती. आधी चालतो का बघू, मग नीट बसवू, असा तुमचा विचार. नवा टेप नुसता तीन वायरींवर लोंबकळत होता.

टेपचा पत्र्याचा डबा आणि त्याची काळी वायर आतून एकच असतात. एरियलच्या पिनेचं बाहेरचं कवचही त्याच डब्याला जोडलेलं असतं, आणि त्या केबलीची जाळी दुसऱ्या टोकाला, एरियल जिथे बसवलाय तिथे, गाडीच्या पत्र्याला टेकते. तुमच्या जुन्या टेपची काळी वायर केव्हाच गेली होती. तो चार वर्षं पट्टीतून आणि एरियलमधून उसना अर्थ घेऊन जगला. तुम्ही पट्टी सोडलीत, एरियल काढलात, आणि उसनवारी बंद झाली. दुकानदाराच्या काउंटरवर काळी वायर थेट सप्लायच्या निगेटिव्हला, त्यामुळे तिथे टेप गाणार नाही तर काय!

मी सहज विचारलं, जुन्या टेपवर इंजिनाचा सूंऽऽ असा आवाज यायचा का, अॅक्सिलरेटर दाबला की चढणारा? तुम्ही गप्प झालात आणि म्हणालात, “तो गाडीचाच आवाज असेल असं आम्ही धरून चाललो होतो.” अर्थ कच्चा असला की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) असा गातो.

एवढं कळल्यावर पट्टी आवळून, एरियल लावून टेप सुरू करायचा मोह होईल. सुरू होईलही. तेवढ्यावर सोडू नका. एरियलच्या केबलीची जाळी रेडिओच्या सिग्नलसाठी असते, करंट वाहून न्यायला नाही. त्या काळ्या वायरीचा माग काढा. तुमच्या गाडीत ती डावीकडे ग्लोव्हबॉक्सच्या मागे जाऊन एका रंग दिलेल्या पट्टीत पत्र्याच्या स्क्रूने पिळलेली सापडली. तुम्ही मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत तिची रिंग मोरचुदासारखी निळसर-हिरवी दिसत होती आणि वायरीचं तांबं दोन इंच आतपर्यंत काळं पडलेलं. त्या कोपऱ्यात पावसाचं पाणी झिरपतं, पुढच्या काचेचं रबर जुनं झालं की हमखास.

चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं माझ्याकडे ज्या गाड्या आल्या त्यांच्या मालकांना वाटायचं, आता धुऊन-सुकवून झालंय, काय राहिलं? दिसायला काही राहिलेलं नसायचं. कपलर (वायरींचा जोड) उघडला की पिनांवर चॉकलेटी गाळाची पापुद्री, अर्थचा स्क्रू बोटाने फिरवला तर मोडून हातात. तेव्हापासून माझी सवय झाली आहे : कुठलीही तक्रार असो, आधी अर्थचे स्क्रू सोडून बघायचे. कोकणातली सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर चहा पिण्याआधी बघावेत.

दुरुस्ती अशी. बॅटरीची निगेटिव्ह १० नंबरच्या पान्याने आधी सोडायची. काळ्या तांब्याचा भाग कापून टाकायचा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. नवी रिंग लावून पक्कड नव्हे, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबायची. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून रुपयाएवढा लख्ख गोल करायचा, तिथे बोल्ट-नट आणि दातेरी वॉशर. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस. आधी नाही, नंतर. मग बॅटरी जोडून पुन्हा तोच बल्ब. बल्ब पेटलेला असताना मीटरची एक पिन टेपच्या काळ्या वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर : आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा.

आणि हो, तुमच्या फोटोत सगळे सांधे पिळून काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेले दिसले. टेपला टेप! उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे त्या पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी घसरते आणि एक दिवस पिवळीचा उघडा सांधा डब्याला टेकतो. सोल्डर करून हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. त्याहून बरं म्हणजे गाडीच्या कपलरला बसणारं तयार वायरिंग किट घ्या. पुढच्या वेळी वायरी कापायला नकोत.

उरलेल्या चार पत्रांसाठी थोडं. नव्या टेपमध्ये बहुतेक सगळा करंट पिवळीतून जातो. लाल नुसती सांगते की चावी फिरली, जागा हो. पिवळी मेली असेल आणि छतातला दिवाही लागत नसेल तर ‘डोम’ लिहिलेला फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत टेपची आठवण त्याच फ्यूजवर असते. लाल मेली असेल तर सिगार लायटरमध्ये मोबाइल चार्ज होतो का बघा. अनेकदा दोघांचा फ्यूज एक. टेपच्या पाठीवरही एक फ्यूज असतो, बहुधा लाल रंगाचा १० अँपिअरचा, तो माणसं विसरतात. ‘फ्यूज काढून पाहिला, चांगला दिसतो’ ह्याला मी चाचणी मानत नाही. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. फ्यूज जागेवर ठेवून, चावी चालू करून दोन्ही ठिपक्यांना टेस्ट लॅम्प (वरचाच बल्ब, दुसरी क्लिप पत्र्याला) लावा. एकावर पेटतो आणि दुसऱ्यावर नाही, तर फ्यूज गेला, डोळ्याला काही का दिसेना.

ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी (१ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरची तरी असतेच) एवढं पाळावं : डॅशबोर्डखाली पिवळ्या नळीतून जाणारी वायरिंग दिसली तर तिला मीटर नाही, बल्ब नाही, बोटही नाही. ती पिवळी वेगळी. बॅटरी सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबूनच आत हात घाला.

प्रश्न : पोलोमध्ये नवा टेप बसवला. चालतो छान, पण चावी काढली की सगळं विसरतो. रोज सकाळी घड्याळ शून्यावर आणि रेडिओची स्टेशनं पुसलेली. टेप सदोष आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पिवळी आणि लाल एकमेकींच्या जागी गेल्या आहेत. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत आयएसओ कपलरच्या ४ आणि ७ क्रमांकाच्या पिना इतर कंपन्यांच्या उलट असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडूनही उलटं होतं. चावी खिशात ठेवून टेस्ट लॅम्प लावा. तरीही जी वायर जिवंत असेल ती टेपच्या पिवळीला गेली पाहिजे. पुष्कळ किटांत लाल-पिवळीच्या मध्ये गोळीसारखे सांधे दिलेले असतात ते ह्याचसाठी : ओढायचे, अदलाबदल करायचे, झालं. मात्र गाडी नव्या पिढीतली असेल तर कपलरमध्ये चावीचा करंट सापडणारच नाही. चावी फिरल्याचा निरोप कॅन-बसवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या वायरींवरून) जातो आणि त्यासाठी वेगळी डबी लागते. ती टाळायला कोणी लाल-पिवळी एकत्र पिळून देतो म्हणाला तर नको म्हणा. टेप कधी झोपत नाही आणि चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते.

प्रश्न : माझ्या भाच्याने गाडीत टेप लावून दिला. दिवसभर चालतो. संध्याकाळी ड्युटीला जाताना लाइट लावले की टेप बंद आणि मागचे दिवेही बंद. पार्किंगचा फ्यूज उडालेला असतो. तीन बदलले. भाचा म्हणतो, मोठा फ्यूज टाकू. – एक नर्स, म्हापसा

उत्तर : ताई, भाच्याला थांबवा. ३० चा हिरवा फ्यूज टाकला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल.

तुमची केस मला फार आवडली. टेपची काळी वायर गाडीच्या अर्थला न जाता दिव्यांच्या वायरीला जोडली गेली आहे. तीच, जी रात्री टेपची बटणं उजळायला दिलेली असते. दिवसा लाइट बंद असताना ती वायर पार्किंगच्या बल्बांच्या तारांमधून बॉडीला पोचलेली असते. म्हणजे दिवसा तुमच्या टेपला अर्थ मिळतो तो मागच्या दिव्यांतून आणि एरियलमधून! थंड बल्बाचा रोध अगदी कमी, पाच-सहा बल्ब एकत्र, त्यामुळे टेप आनंदाने गातो. संध्याकाळी स्विच ओढलात की त्याच वायरीवर बारा व्होल्ट येतात. टेपच्या पायाखालची जमीनच वर येते आणि तो बंद पडतो. त्याच वेळी ते बारा व्होल्ट डब्यातून एरियलवाटे थेट पत्र्याला जातात, आणि फ्यूज उडतो.

काळी सोडवून पत्र्याला द्या, वर गुरुजींना सांगितलं तशी. ती दिव्यांची वायर टेपच्या नारिंगीला जोडा, नाहीतर टोक नीट बंद करून मोकळी ठेवा. त्याने काही अडत नाही. आणि हे होईपर्यंत रात्री गाडी काढू नका, मागचे दिवे नसलेली गाडी अंधारात कोणाला दिसत नाही.

प्रश्न : ट्रकमध्ये कारचा टेप बसवायचाय. ट्रक २४ व्होल्टचा. एक जण म्हणतो, दोनपैकी एकाच बॅटरीवरून लाइन घे, बारा मिळतात. – एक ड्रायव्हर, कराड

उत्तर : मिळतात भाऊ, पण ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी भरलेली राहते, आणि अल्टरनेटर दोघींना मिळून एकच चार्ज देतो. एक कायम अर्धपोटी आणि दुसरी उकळलेली, असं होऊन दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, १० अँपिअरचा. त्याच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, फ्यूज टाका. थेट २४ वर टेप लावून बघितला असेल तर मात्र आधी त्याच्या पाठीवरचा फ्यूज बघा. नशीब असेल तर तेवढाच गेला असेल.